हीटर कशाला लागतो?

एप्रिलमधली गोष्ट. सकाळची शाळा होती. मी राहते भोरला आणि शाळा वेल्हे तालुक्यात, म्हणजे कागदोपत्री आता राजगड तालुका, पण तोंडाला वेल्ह्याचीच सवय आहे. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी हा रोजचा रस्ता. दुपारी परत येताना मार्गासनी सोडल्यावर गाडीचा उष्णतेचा काटा लाल रेघेकडे सरकलेला दिसला. बाजूला घेऊन बंद केली. बॉनेटमधून वाफ येत होती आणि खाली रस्त्यावर हिरवट पाण्याचा ओघळ. अर्ध्या तासानं एका टेम्पोवाल्यानं दोर बांधून हायवेपर्यंत ओढत आणली आणि तिथल्या एका गॅरेजमध्ये सोडली.

मिस्त्री तरुण होता, हाताचा चांगला. वॉटर पंप गळतोय म्हणाला, वरचा होज पाईप फुगलाय, रेडिएटर आतून चोंदलाय. मी म्हणाले, "कमी खर्चात बसवा आणि परत गरम झाली नाही पाहिजे." हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे ते माझ्यावरच उलटणार आहे. दोन दिवसांनी गाडी मिळाली. चार हजार तीनशे रुपये झाले. बिल वहीच्या कागदावर होतं. ते मी घडी करून समोरच्या कप्प्यात टाकलं.

गाडी खरोखरच गरम होईना. इतकी की काटा एक चतुर्थांशाच्याही वर चढत नव्हता, मे महिन्यातसुद्धा. मी खूश होते. शाळेत दोघा-तिघांना त्या गॅरेजचा पत्ताही दिला. पेट्रोल थोडं जास्त जातंय असं वाटायचं, पण रस्त्याचं काम चालू होतं, खड्डे होते, त्यांच्यावर ढकललं.

मग जुलै आला.

महाडला माझी फुप्पी राहायची. अब्बांची थोरली बहीण, त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. आजी शेतावर जायची तेव्हा अब्बांना कडेवर घेऊन फिरवलं ते हिनंच. मंगळवारी रात्री उशिरा फोन आला की फुप्पी गेली. सकाळी दहाला माती. एवढी घाई का, असं विचारण्यात अर्थ नव्हता. कोकणातला जुलै, खणलेल्या कबरीत पाणी भरत होतं, उपसायला माणसं लावली होती. फुप्पेजाद भाई म्हणाला, "मामूला सांभाळून आण, पण दहाच्या पुढे थांबता येणार नाही."

भोरहून महाडला जवळचा रस्ता वरंध घाटाचा. पावसाळ्यात हा घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. दरड आली की बंद, इशारा आला की बंद. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला, तेव्हापासून तर पाऊस वाढला की आमच्याकडे सगळ्यांचं लक्ष त्या घाटाकडे असतं. त्या दिवशी हलक्या गाड्यांना चालू होता. पहाटे सव्वापाचला निघालो. मी चालवणार, शेजारी अब्बा, मागे अम्मी आणि माझा आठवीतला मुलगा. मिस्टर नोकरीमुळे पुण्याला असतात, ते ताम्हिणीवरून परस्पर येणार होते.

नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेनं हिर्डोशीपर्यंत ठीक गेलो. तिथून पुढे ढग रस्त्यावर उतरले होते. बाहेरचं धुकं एक वेळ परवडतं, दिवे लावून, हॉर्न देत, कडेचा पांढरा पट्टा धरून माणूस चालवतो. पण काच आतून धरायला लागली. चार माणसांचा श्वास, निघताना भिजलेले कपडे, पायाशी ठिबकणाऱ्या छत्र्या. खिडक्या बंद. बाहेरच्या पावसानं काच गार पडलेली. वर्गात मी बाष्प आणि दवबिंदू शिकवणाऱ्या बाईंचा तास कितीदा बाहेरून ऐकला आहे. त्या दिवशी तो धडा माझ्या नाकासमोर दोन हातांवर चालला होता.

ओढणीनं पुसलं. दोन मिनिटं दिसलं, मग पुन्हा पांढरं, वर ओढणीचे फराटे. खिडकी उघडली तर पाऊस आत. पंखा काचेवर सोडला, हवा गारच. मग हीटरची आठवण झाली. गाडी घेतल्यापासून तो लाल-निळा गोल मी चार-पाच वेळाच फिरवला असेन. तो पूर्ण लालवर नेला, पंखा चारवर. थांबले. गार हवा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. इंजिन तासभर चालून झालेलं होतं, तरी हवा गारच. उलट आतला दमटपणाच काचेवर आपटत राहिला.

एसी लावला असता तरी काम झालं असतं. एसीची हवा कोरडी असते, काच लगेच निवळते. पण एसीतला गॅस आदल्या वर्षीच संपला होता आणि तो भरायचा नाही असं मीच ठरवलं होतं. भोर-वेल्ह्याच्या हवेत एसी कशाला लागतो, हे माझे शब्द.

घाटात एका वळणावर समोरून पिकअप आली. ती मला दिसलीच नाही, आधी तिचा हॉर्न ऐकू आला आणि मग काचेतून पिवळा डाग. मी ब्रेक दाबला. तो माणूस अंगावरून दोन बोटं सोडून गेला आणि जाताना जे म्हणायचं ते म्हणाला. अम्मीनं मोठ्यानं पढायला सुरुवात केली. अब्बा इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, "बेटा, रोक दे. जाने दे, रोक."

अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. तीसेक वर्षं गाडी चालवली, त्यातली बरीच याच घाटात. त्यांनी 'थांब' म्हटल्यावर वाद घालायचा नसतो. वाघजाईच्या मंदिरापाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत, रांगत रांगत तिथवर नेली आणि उभी केली. पावसामुळे एकच टपरी उघडी होती. अब्बांनी तिथल्या मावशींकडे साबणाची वडी मागितली. त्यांना वाटलं हात धुवायला. अब्बांनी कोरडी वडी काचेवर आतून घासली आणि वर कोरड्या फडक्यानं पुसून काढली. जुन्या ड्रायव्हरांची युक्ती. साबणाचा पातळ थर राहिला की बाष्पाचे थेंब वेगवेगळे उभे राहत नाहीत, पसरतात, आणि आरपार दिसतं. मावशींनी विचारलं कुठं निघालात. अम्मीनं सांगितलं. त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत आणि ती साबणाची वडी बरोबर दिली.

पण ढग हलेना. आतली काच सुधारली तरी बाहेर दहा फुटांपुढे काही नव्हतं, आणि माझे हात थरथरत होते. पाऊण तास तिथं गेला. मग उतार. वरंध गाव, बिरवाडी. महाडला पोचलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते. गल्लीतून माणसं परत येत होती, पायजमे गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. मिस्टर आधीच पोचले होते, ते मातीला होते.

मी बाईमाणूस, कब्रस्तानात जाणारच नव्हते. मला चेहरा बघायचा राहिला, ते एक. पण अब्बांना बहिणीच्या कबरीवर तीन मुठी माती टाकायची होती. भाई त्यांना लगेच घेऊन गेला. ते उभे राहून फातेहा पढून आले. माती त्यांनी नंतर टाकली असेलही, मी विचारलं नाही. घरी आल्यावर पाय धुतले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. संध्याकाळी मला म्हणाले, "वो हीटर का क्या हुआ, देखना पडेगा."

भोरला आल्यावरच्या रविवारी पाऊस थोडा उघडला. अंगणात गाडी उभी करून अब्बा, मी आणि मुलगा असे तिघं बॉनेट उघडून उभे राहिलो. अब्बांना आता बारीक दिसत नाही, मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, दुसरं व्हायचंय. पण हातांना दिसतं.

हीटर चालतो कसा, हे मला त्या दिवशी कळलं, आणि एवढी वर्षं कळलं नव्हतं याची लाज वाटली. मला वाटायचं आत इस्त्रीसारखी कॉइल असेल, विजेवर तापणारी. तसं काही नसतं. इंजिन थंड ठेवण्यासाठी जे पाणी आणि कूलंट फिरतं, त्यातलंच थोडं दोन पाईपांतून डॅशबोर्डच्या मागे जातं. तिथं हाताच्या पंजाएवढा एक छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोर म्हणतात. पंखा त्याच्यावरून हवा फेकतो. म्हणजे हीटर हा इंजिनाच्या टाकाऊ उष्णतेवर चालतो, फुकटात. लाल-निळ्या गोलानं आतली एक झडप हलते, हवा कोरवरून जाऊ द्यायची की बाजूनं, एवढंच ती ठरवते. काही गाड्यांत पाण्याची तोटीही असते.

जुन्या एसटीत तर एवढंही नव्हतं. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनाचं बॉनेट, त्यावर गोणपाट. पावसाळ्यात कंडक्टर त्यावर टोपी वाळवायचे. उन्हाळ्यात मात्र तेच बॉनेट डावी मांडी भाजून काढायचं. अब्बांना हीटर नावाच्या वस्तूची कधी गरजच पडली नव्हती. "हम तो हीटर के बाजू में बैठते थे," म्हणाले. घाट चढून आलं की झऱ्याचं पाणी डब्यानं रेडिएटरात ओतायचे. वायपर बंद पडला तर बाहेरून काचेवर तंबाखूचं पान चोळायचे. पण इंजिनाच्या पाण्याचं शास्त्र तेव्हाही हेच होतं, आणि ते त्यांना पाठ होतं.

आधी टाकीतली पातळी. ती बरोबर होती, पण आत कूलंट नव्हतं. साधं बोअरचं पाणी, चहासारखं तांबूस झालेलं. कूलंट महाग वाटतं म्हणून साधं पाणी भरलं की तीन-चार महिन्यांत हा रंग येतो. गंज, आणि आपल्याकडच्या जड पाण्याचा क्षार. हीटर कोरच्या नळ्या बारीक असतात, पहिल्यांदा त्याच चोंदतात.

मग इंजिन चालू केलं. अब्बांनी रेडिएटरच्या वरच्या पाईपावर हात ठेवला. "अभी गरम नई होना चाहिए," म्हणाले. पण दोन-तीन मिनिटांतच पाईप कोमट होऊ लागला. मलाही हात लावायला सांगितलं. कोमट. हळूहळू, सारखा, कुठेही थांबा न घेता. अब्बांनी मान हलवली. "वॉल नई है इसमें."

वॉल म्हणजे व्हॉल्व्ह, म्हणजे थर्मोस्टॅट. सगळे मिस्त्री वॉलच म्हणतात. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधला हा दरवाजा. इंजिन गार असताना तो बंद असतो, पाणी आतल्या आतच फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना त्याच्या पोटातलं मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं, दरवाजा उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. म्हणून चांगल्या गाडीत वरचा पाईप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. दरवाजाच काढून टाकला तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरात गार होत बसतं. गाडी गरम होत नाही हे खरं, पण ती तापायला हवी तेवढीही तापत नाही. गार इंजिन पेट्रोल जास्त पितं, तेल पातळ व्हायला वेळ लागतो, आतले भाग जास्त झिजतात. मला तीन महिने ज्याचा आनंद होत होता तो खाली बसलेला काटा म्हणजे हे होतं. अब्बा म्हणाले, "इत्ता ठंडा इंजन अच्छा नई."

तरीही एवढ्यानं हवा कोमट तरी यायला हवी होती. घाटात तर बर्फासारखी होती. मग हीटरच्या पाईपांकडे वळलो. इंजिन आणि आतली केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून हे दोन पाईप आत जातात. त्यांना हात लावला की बरंचसं कळतं, हे मी आता कुणालाही सांगते. गाडी तापल्यावर दोन्ही पाईप गरम असतील आणि हवा गार असेल, तर दोष आतल्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये. एक गरम आणि एक गार असेल, तर कोर चोंदलाय किंवा आत हवा अडकलीय. दोन्ही गार असतील, तर पाणी तिकडे जातच नाही. हात जपून लावायचा, पंख्यापासून लांब, आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण तर कधीच उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि तोंडावर येतं.

माझा मुलगा टॉर्च घेऊन वाकला होता. म्हणाला, "अम्मी, पाईप कुठंयत?"

पाईप नव्हते. पत्र्यातून बाहेर आलेली दोन नळ्यांची तोंडं होती, त्यांत प्लास्टिकची बुचं. आणि इंजिनाकडून आलेला होज इंग्रजी यू अक्षरासारखा वळवून परत इंजिनालाच जोडलेला, नवीन क्लिपा लावून, अगदी नीटनेटका. हीटरकडे पाण्याचा एक थेंब जाणार नाही अशी पक्की व्यवस्था.

मला राग आला. माझ्या गाडीतली एक गोष्ट कुणीतरी मला न सांगता काढून टाकली होती. एक नाही, दोन. सोमवारी शाळा सुटल्यावर मी थेट त्या गॅरेजवर गेले. रस्त्यात काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

मिस्त्रीनं ओळखलं. मी बॉनेट उघडून बोट दाखवलं. तो बिचकला नाही. म्हणाला, "मॅडम, तुमचा हीटर कोर लीक होता. तो बदलायला अख्खा डॅशबोर्ड खोलायला लागतो, सात-आठ हजारांचं काम. तुम्ही म्हणाला कमी खर्चात करा. मी बायपास केला. आपल्याकडं हीटर कशाला लागतो?"

"आणि थर्मोस्टॅट?"

"तो तर सगळ्यांचाच काढतो. थंड देशातल्या गाड्यांसाठी असतो तो. काढला की गाडी गरम व्हायची भानगडच नाही. तुम्हीच म्हणाला ना, परत गरम झाली नाही पाहिजे."

"मला सांगायचं तरी."

"बिलात लिहिलं होतं की."

कप्प्यातून बिल काढलं. वॉटर पंप, वरचा होज, क्लिप ६, बायपास १५०, मजुरी. खरंच लिहिलं होतं, मराठीत, चांगल्या अक्षरात. एप्रिलमध्ये मी ते वाचलं असेन तर त्या 'बायपास'चा अर्थ मला हायवेचा बायपास वाटला असणार, ओढून आणण्याचे पैसे वगैरे. वर्गात दिवसातून दहा वेळा 'प्रश्न नीट वाचा' म्हणणारी मी. थर्मोस्टॅटचा मात्र त्यात उल्लेख नव्हता. काढलेल्या वस्तूचे पैसे लागत नाहीत, मग ती बिलात कशी येणार?

आणि कोर गळत होता हेही खोटं नसावं. मार्च-एप्रिलमध्ये डाव्या पायाखालची चटई सारखी ओली असायची, मी मुलाच्या पाण्याच्या बाटलीला दोष देत होते. गाडीत गोडसर वास यायचा. काचेवर आतून तेलकट पापुद्रा बसायचा. ही तिन्ही लक्षणं कोर गळण्याची आहेत, कूलंट आत पाझरतं, त्याची वाफ काचेवर बसते. माझ्या नाकासमोर होतं सगळं.

पाठ केलेलं भाषण मी केलं नाही. फक्त सांगितलं की पहिल्याच मोठ्या पावसात वरंध घाटात काच धरली, आम्ही अडकलो, आणि माझे वडील त्यांच्या बहिणीच्या मातीला पोचू शकले नाहीत. तो हातातलं फडकं घडी करत राहिला. मग विचारलं, "बाबा कसे आहेत आता?" मी म्हणाले बरे आहेत. तो म्हणाला, "घाटात जाणारी गाडी आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही शाळेत जाता एवढंच." थर्मोस्टॅट नवा आणून फुकट बसवून देतो म्हणाला. कोरचं काम त्याच्याकडे होणार नव्हतं, ते त्यानं स्वतःच सांगितलं.

मला अजून ठरवता आलेलं नाही की त्याच्यावर किती रागवायचं. त्यानं फसवलं नाही. पैसे वाचवले माझे. पण आमच्याकडे शब्द आहे अमानत. कुणाच्या हाती सोपवलेली वस्तू. ती दुरुस्त करताना त्यातलं काय राहील आणि काय जाईल, हे मालकाला तोंडानं सांगायला हवं, वहीच्या कागदावर एका शब्दात नाही. आणि मालकिणीनंही विचारायला हवं.

थर्मोस्टॅट मी त्याच्याकडून आणला पण लगेच बसवला नाही, एक दिवस घरी ठेवला. अब्बांना तो तपासायचा होता. ते म्हणाले, नवा आहे म्हणून चांगला आहे असं नसतं. पातेल्यात पाणी घेतलं, थर्मोस्टॅट दोरीनं टांगून आत सोडला, तळाला टेकू द्यायचा नाही. शाळेतून विज्ञानाच्या बाईंचा थर्मामीटर मागून आणला होता. मुलगा आकडे वाचत होता. सत्तर, पंचाहत्तर, काही नाही. एक्क्याऐंशीच्या पुढे मधली चकती हलली, फट पडली आणि बघता बघता वाढत गेली. उकळी येईपर्यंत पूर्ण उघडा. गॅस बंद केल्यावर हळूहळू मिटला. अब्बांना फट दिसत नव्हती, त्यांनी नातवाला तीनदा विचारलं, "खुल्या? पूरा खुल्या?" अम्मीला वेगळाच प्रश्न होता, ते पातेलं चहाचं होतं.

कोर पुण्यात बदलून घेतला. दीड दिवस लागला. सात-आठ हजारांचा अंदाज बरोबर निघाला, वर एसीचा गॅसही भरून घेतला. अर्ध्या महिन्याचा हिशेब कोलमडला, तो भाग सोडून देते. जुनं पाणी काढून टाकलं, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. कूलंट गोड असतं आणि विषारी असतं, सांडलं तर धुऊन टाका, मांजरं चाटतात.

आणि एवढं करून घरी येताना खेड शिवापूरपाशी हीटर लावला तर हवा गार!

रडू यायचं बाकी होतं. अब्बांना फोन केला. त्यांनी विचारलं, डॅशबोर्डच्या मागून कळशी रिकामी करताना येतो तसा गुळगुळ आवाज येतोय का? येत होता. "हवा पकडली है. घर आ."

थंड पाण्याच्या कामानंतर हीटर न चालण्याचं सगळ्यात साधं कारण हेच असतं आणि लोक त्यासाठी भलते खर्च करतात. पाणी काढलं की त्या जागी हवा शिरते. परत भरताना ती सगळी बाहेर येत नाही, वरच्या जागी अडून बसते, आणि हीटर कोर बऱ्याच गाड्यांत वरच असतो. पाणी तिथं पोचतच नाही. पाईप बघितले तर नेमकं तेच. एक चटका देणारा, दुसरा गार.

आमच्या घरासमोर चढ आहे. इंजिन पूर्ण गार झाल्यावर गाडीचं नाक चढाकडे करून लावली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच. झाकण काढलं, हीटर पूर्ण लालवर, मग इंजिन चालू. मुलगा होज पाईप दाबून सोडत होता, मी कूलंट ओतत होते. आधी काही नाही. मग एक मोठा बुडबुडा आला आणि पातळी एकदम चार बोटं खाली गेली. ओतलं. पुन्हा बुडबुडे. थर्मोस्टॅट उघडल्यावर आणखी खाली. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबलो, बुडबुडे संपले, झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी गार असताना पुन्हा थोडं भरावं लागलं. काटा आता बरोबर मध्यावर उभा राहतो. पहिले दोन दिवस तो तिथं बघून मला धडकी भरायची.

फुप्पीचा चाळीसावा ऑगस्टच्या शेवटी आला. पाऊस होताच, ढगही होते. घाट चालू होता. हिर्डोशीच्या पुढे काच धरायला लागली तशी मी एसी लावला, गोल लालवर फिरवला, हवा काचेवर सोडली. खालून वर, पंख्याच्या आकाराची जागा निवळत गेली आणि रस्ता दिसायला लागला. अब्बा समोरच्या जाळीवर तळहात धरून बसले होते, इंजिनाच्या पाईपावर धरतात तसाच.

वाघजाईला थांबलो. त्याच मावशी होत्या. मुलानं साबणाची नवी वडी त्यांच्या हातात दिली, त्या हसल्या, या वेळी चहा-भज्यांचे पैसे घ्यायला लावले. परत गाडीत बसलो आणि उतार सुरू झाला. पहिलं वळण गेल्यावर अब्बा म्हणाले,

"अब बंद कर बेटा. गरम हो रहा."